एक बैल खाली, एक बैल वर

शेजारच्या देशांनी एकमेकांच्या हाताला हात लावला तर दोघांचंही भलं होतं, असं हल्ली सभेत कुणी सांगू लागलं की माझं डोकं फिरतं. हे आम्हाला शिकवता? घाटाखालच्या वैशाखरे गावात आमच्या घरी एकच बैल होता. दुसरा घाटावर, जुन्नरच्या बाजूच्या एका शेतकऱ्याकडे. पावसाळ्यात त्याचा बैल खाली यायचा, आमची भातलावणी व्हायची. पाऊस सरला की जोडी वर जायची, त्याची ज्वारी पेरून व्हायची. ही आमची सावड, आजोबांपासून चालत आलेली.

लढाईच्या दिवसांत हुकूम निघाला की परवान्याशिवाय जिल्ह्याबाहेर गुरं न्यायची नाहीत. घाटाच्या पायथ्याला नाका बसला. वडील जोडी घेऊन निघाले तेव्हा मीही सोबत होते. पावसाळाभर तिला चारा मीच घातला होता.

नाक्यावरच्या शिपायाने विचारलं, "बैल कुणाचे?"

दोन्ही घाटावरच्या शेतकऱ्याचे म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण सावडीच्या जोडीत कुठला बैल कुणाचा, हे खोटं सांगायचं नाही असा आमच्याकडे दंडक. वडील म्हणाले, "एक आमचा, एक वरच्यांचा."

"मग त्यांचा जाईल. तुमचा इथेच राहील."

"अवो सायेब, एका बैलानं नांगर कसा चालंल? त्याची पेरनी जाईल ना!"

"तो दुसरा जिल्हा आहे. आपल्याला काय करायचंय?"

दुसरा जिल्हा! आमच्या अंगणातून त्याचा डोंगर दिसायचा. ही रेघ ओढणाऱ्याने जन्मात कधी नांगराची मूठ धरली होती का? मी तोंड उघडणार तोच वडिलांनी डोळे वटारले. ते वरच्या शेतकऱ्याचा बैल घेऊन घाट चढले, आमचा मी घरी आणून बांधला. धडधाकट बैल, गोठ्यात रिकामा! वर ऐन पेरणीत आपला बैल कोण देणार? वडिलांनी परवान्यासाठी मुरबाडला खेटे घातले. तो हातात पडला तेव्हा वरच्या रानातली ओल उडून गेली होती.

पुढच्या पावसाळ्यात बैल येईल अशी आशा आम्ही सोडलीच होती. एका सकाळी तो घाटावरचा शेतकरी बैल घेऊन दारात उभा. नाका चुकवून कड्याच्या आडवाटेने उतरला होता. वडिलांनी शेताचं विचारलं.

"पडीक ऱ्हायलं," तो म्हणाला. "आता तुमचं तरी नगं ऱ्हायला."

बैलाचे दोन्ही गुडघे सोलले होते. मी हळद लावत होते आणि तोंडाने त्या नाक्याला शिव्या चालल्या होत्या. त्या दिवशी आई मला गप्प बस म्हणाली नाही.