फादर नेमेसिओंची एकच अट

फादर नेमेसिओ बाराहास यांना मी कधी धड बसलेलं पाहिलं नाही. शिंप्याच्या घरात जन्मले, पण एका जागी बसून टाके घालणं जमेना, म्हणून बापाने वैतागून पाद्री व्हायला सेमिनरीत धाडलं. आमच्या हालिस्कोच्या माळावर आले तरी तेच. पापांची कबुलीसुद्धा चालता चालता ऐकायचे; सांगणारे म्हातारे धापा टाकायचे.

एकोणीसशे सव्वीस साली धर्मगुरूंचं मेक्सिको सरकारशी बिनसलं, चर्चना कुलपं लागली. पुढे लढाई पेटली आणि फादर दिसला की गोळी, असं सुरू झालं. बाकीचे शहरात पळाले. हे मडकेवाला झाले. गाढवावर मडकी लादून वस्त्यावस्त्यांतून फिरायचे, तळच्या मडक्यात ख्रिस्तप्रसाद दडवलेला. मला त्यांनी दोनदा बजावलं होतं, "कासिमिरो, मी समोर आलो तरी टोपी काढायची नाही. हवं तर शिव्या दे."

शिव्या मी मस्त द्यायचो. "ए मडकेवाल्या, तुझ्यापेक्षा गाढव शहाणं दिसतंय," म्हटलं की ते हसू दाबत पुढे जायचे. पण टोपीचं काय करणार? आमच्याकडे चालायला लागल्यापासून फादर दिसला की हात आपोआप डोक्याकडे जातो. मी तो खिशात कोंबायचो.

सहा महिने जमलं. एका मंगळवारी बाजारात ते अचानक कोपऱ्यावरून आले आणि कळायच्या आत माझी टोपी छातीशी. शेजारीच शिपाई उभे होते.

कुणासाठी काढलीस, सार्जंटने विचारलं. उवा झाल्यात म्हणालो, डोकं खाजवून दाखवलं. तो हसला आणि मला बांधायला शिपायांना सांगितलं. फादर कुठे लपलाय ते माझ्याकडून वदवून घेणार होता. मी मनात ओरडत होतो, जा ना, एरवी तुमचे पाय थांबत नाहीत! नेमके तेव्हाच थांबले.

"सोडा त्याला. टोपी माझ्यासाठी होती."

दुपारी त्यांना कब्रस्तानाच्या भिंतीशी उभं केलं. तिथेही पायांची चुळबुळ चालूच होती. टोपी काढणाऱ्याला शिपाई बंदुकीच्या दस्त्यांनी मारत होते, तरी सगळ्या गावाने टोप्या काढल्या. मी एकट्याने काढली नाही. फादरनी गर्दीत मला शोधलं, माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग गोळ्या सुटल्या.

ज्याच्यापायी फादर गेले त्याने साधी टोपीही काढली नाही, असं गाव अजून म्हणतं. चाळीस वर्षं झाली. म्हणू देत. त्यांचं एवढं एकच सांगणं होतं, आणि मी ते ऐकलं तेव्हा उशीर झाला होता.