घरटी एक लाकूड

पुण्यात घर शोधायला निघालो तेव्हा बाबांचा एकच प्रश्न असायचा, आणि तो ऐकला की एजंट माझ्याकडे बघायचा. पाणी किती वेळ येतं, भाडं किती, बस कुठून मिळते, यातलं काहीच बाबा विचारायचे नाहीत. दारात उभं राहून, जरा घसा साफ करून ते म्हणायचे, "इथं कोनी मेलं त मयतीले कोन येते?"

एक एजंट हसला. दुसरा म्हणाला, "काका, शुभ बोला ना, घर बघायला आलोय आपण." मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. घर पाहावं बांधून अशी म्हण आहे. आपल्या बापाला बरोबर घेऊन अनोळखी शहरात भाड्याचं घर पाहावं, अशीही एखादी कुणीतरी करून ठेवायला हवी होती.

आमचं गाव नवेगाव बांधच्या अलीकडे, एका जुन्या तलावाच्या पाळीखाली. तलाव आमच्याच पूर्वजांनी खणला, असं बाबा सांगतात, आणि ते सांगताना अजूनही त्यांचा आवाज बदलतो. गावात मयत झाली की घरटी एक लाकूड द्यायचं, ही तिथली रीत. श्रीमंत असो, भांडण असो, बोलचाल बंद असो, लाकूड द्यायचंच. बैलबंडी घेऊन दारोदार फिरायचं आणि लाकूड गोळा करायचं काम बाबांकडे होतं. बैलांच्या गळ्यातली घुंगरं ते आधी सोडून ठेवत. बंडीचा नुसता खडखड आवाज आला की बायका न बोलता परसातून लाकूड आणून टाकत. मयत निघेपर्यंत कुणाची चूल पेटत नसे. माणसाची किंमत बाबांनी अशी बंडीवर बसून पाहिली होती. त्यामुळे मोहल्ला कसा आहे हे ओळखायची त्यांची रीतही तीच होती.

माझी रीत वेगळी होती, कारण माझी भीती वेगळी होती. मायच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. मी गोंदियात एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची, त्यामुळे डॉक्टर काय बोलतात आणि काय बोलत नाहीत हे मला बऱ्यापैकी कळायचं. "मोठ्या दवाखान्याच्या जवळ ठेवा," असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. ऑपरेशनला मायने आधीच हात जोडले होते. पुण्यातल्या एका लॅबमध्ये मला नोकरी मिळाली. आईबापांना मी एकटीच. धानाच्या बांध्या, होती तेवढी शेती, ठेक्याने दिल्या, घराला कुलूप लावलं आणि दोघांना घेऊन गाडीत बसले. गाडीत माय खिडकीशी बसून होती. गाव मागे गेल्यावर तिने फक्त एकदा विचारलं, "कोंबड्या कोनाकडे देल्या?"

मला आवडलेलं घर अकराव्या मजल्यावर होतं. लहान होतं, भाडं जिवावर येण्यासारखं होतं, पण खिडकीतून दवाखान्याची पाटी दिसायची. दोन लिफ्ट होत्या. रस्ता गेटपर्यंत नाही, थेट जिन्यापर्यंत होता. मी मनात सामान लावायलाही सुरुवात केली होती. बाबा खाली वॉचमनजवळ थांबले होते. मी उतरले तेव्हा त्यांचा प्रश्न विचारून झाला होता.

वॉचमन बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "गाडी येते ना काका. मागच्या लिफ्टनं खाली आणतात, सामानाच्या. बाकीच्यांना त्रास नको म्हणून. मागे चौथ्या मजल्यावरचे गेले, आम्हालाच दुसऱ्या दिवशी कळलं."

बाबा रिक्षात बसल्यावर म्हणाले, "सामानाच्या लिफ्टनं." पुढे दिवसभर तेवढंच.

दुसरं घर एका जुन्या वस्तीत होतं, गल्लीच्या अगदी आत. दोन खोल्या, पत्रा नाही, स्लॅब होता, समोर ओटा होता. पण गल्ली अशी की समोरासमोर स्कूटर आल्या तर एकीला मागे जावं लागे. मधे एक वळण, त्या वळणावर नळाचा पाइप बाहेर आलेला. रिक्षावाल्याने आम्हा तिघांना तोंडाशीच उतरवलं होतं. मी तिथेच म्हटलं, "बाबा, इथं रिक्षासुद्धा येत नाही."

"पायानं चालाले का झालं?" ते म्हणाले आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला आपला प्रश्न विचारून मोकळे झाले.

इस्त्रीवाल्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही. इस्त्री बाजूला ठेवून तो म्हणाला, "मागल्या महिन्यात ह्या समोरच्या आजी गेल्या. अख्खी गल्ली गेली. मी दुकान बंद ठेवलं. दहा दिवस त्यांच्या घरी कुणी ना कुणी डबा देत होतं." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. जावयाचं घर पसंत पडल्यावर बाप बघतो, तसं.

मी भांडायच्या तयारीत होते. भांडायला मी कमी नाही. मिरची चावूनच जन्माला आली म्हणायची माय. पण माय होती कुठे? ती ओट्यावर बसली होती. शेजारची एक बाई, सोलापूरकडची, तिथे मेथी निवडत होती आणि मायच्या हातातही जुडी आली होती. रेल्वेत बसल्यापासून मायचा चेहरा मी असा पाहिला नव्हता.

"माय, दवाखाना लांब पडेल इथून."

"पडू दे. तिकडं वर मी कोनासंगं बोलू? भिंतीसंगं?" तिने एक पान बाजूला टाकलं. "बाई, मले बसाले जागा पायजे. मरासाठी त कोठीबी जागा भेटते."

मी हो म्हटलं. रागानेच म्हटलं, पण म्हटलं.

तिथले दिवस वाईट होते असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर मायच मला वरून झापेल. तिचं बोलणं गल्लीत पसरलं. शाळेतून येणारी पोरं तिला बघून ओरडायची, "आजी, काय करून राहिल्या?" आणि तीही तेवढ्याच जोरात, "बसून राहिली, बापा!" मेथीवाल्या बाईला तिने तांदळाच्या पिठाच्या भाकरी शिकवल्या. गावच्या गोष्टी सांगितल्या, तलावाच्या, मासोळ्यांच्या, बंडीच्या आणि लाकडाच्या. बाबा इस्त्रीवाल्याकडे पेपर वाचायला जायचे. मी मात्र कामावरून येताना रोज ते वळण बघायची. त्या पाइपाशी मी मनात किती वेळा भांडले असेन.

एक दिवस, सकाळची वेळ होती. मी डबा भरत होते. मायने हाक मारली नाही, भांडं पडलं म्हणून मी वळले. ती भिंतीला टेकून बसली होती आणि श्वास ओढत होती. ओठांचा रंग बघून मला कळलं. गोळी दिली, फोन केला. अँब्युलन्स लगेच आली, हे मला सांगितलंच पाहिजे. कुणाचीही चूक नव्हती, हीच तर आग आहे. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. स्ट्रेचर घेऊन दोघं धावत आले आणि वळणावर स्ट्रेचर अडकलं. उभं केलं, आडवं केलं, जमेना.

तोवर गल्ली बाहेर आली होती. सगळी. कुणी स्कूटर उचलून घरात घेत होतं, कुणी पाण्याची पिंपं सरकवत होतं, आणि जितकी जागा मोकळी व्हायची तितकी ती मदतीला आलेल्या माणसांनी भरून जायची. "सरका, सरका," बाबा ओरडत होते. शेवटी कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली. मायला तीत बसवलं, ओढणीने बांधलं आणि चार जणांनी खुर्ची खांद्यावर घेतली, कारण खाली धरली तर पाय भिंतीला लागत होते. वळणावर थांबून त्यांनी खांदे बदलले. पुढचे मागे, मागचे पुढे.

बाबा त्या खांद्यांकडे बघत राहिले. मीही तेच पाहिलं. असे खांदे बदलताना आम्ही दोघांनी आजवर एकच गोष्ट नेताना पाहिली होती. मायचे डोळे उघडे होते. एवढे पुरुष भोवती बघून तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. ते तिचं शेवटचं काम.

दवाखान्यातल्या डॉक्टर मुलीने मान खाली घालून सांगितलं, "थोडं आधी आणायला हवं होतं." हे वाक्य मी स्वतः लॅबच्या खिडकीतून दुसऱ्यांच्या बाबतीत कितीदा ऐकलं होतं. ते इतकं बोचतं हे माहीत नव्हतं.

मयतीला सगळे आले. इस्त्रीचं दुकान बंद होतं. त्या दिवशी गल्लीत माय निघेपर्यंत कुणी गॅस पेटवला नाही, आणि हे त्यांना आम्ही सांगितलेलं नव्हतं. मायनेच कधीतरी ओट्यावर बसून सांगितलं असणार. उचलायच्या वेळी मेथीवाली बाई बाबांजवळ आली. पदराआडून तिने एक लाकूड काढलं. जुन्या खाटेचा पाय होता, रंग उडालेला. "आजी म्हणायच्या, घरटी एक," ती म्हणाली आणि रडायला लागली.

स्मशानात गॅसची दाहिनी होती. तिथला माणूस म्हणाला, "बाबा, लाकूड इथं चालत नाही." बाबांनी ते परत आणलं आणि दाराच्या मागे उभं केलं.

अस्थी घेऊन गावी गेलो. दहाव्याला घरापुढच्या सपरीत माणूस मावत नव्हता. मायला गॅसवर जाळलं हे कुणाच्या गळी उतरत नव्हतं. शेजारचा म्हातारा बाबांचा हात धरून म्हणाला, "आमचं लाकूड त राह्यलंच ना, बापा." मी विहिरीवर जाऊन बसले. लाकडाचं काय घेऊन बसलात, असं ओरडावंसं वाटत होतं.

ओरडले मी बाबांवर, परत आल्यावर. जेवताना, काही कारण नसताना. "तुम्ही मरासाठी घर पाह्यलं, बाबा. जगासाठी नाही." ते घास हातात धरून थांबले. म्हणाले, "हो बाई." वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी तो घास खाल्ला आणि हात धुतले.

अकराव्या मजल्यावर ती कदाचित आज जिवंत असती, भिंतीसंगं बोलत. त्या ओट्यावर ती मेथी निवडत हसली, ते मी कुठल्या पारड्यात टाकू? मी बाबांवर चिडते, मायवर चिडते, त्या पाइपावर चिडते, आणि मग थकून स्वयंपाकाला लागते.

पावसाळा संपता संपता बाबांना चक्कर आली. इस्त्रीवाल्याच्या दुकानातच पडले. त्यानेच धरलं, त्यानेच पाणी पाजलं. तपासण्या मीच केल्या. रिपोर्ट छापून बाहेर आला तेव्हा मायच्या वेळचेच आकडे बघून मी तो घडी करून पर्समध्ये टाकला. "गावाले जाता का?" मी विचारलं. ते नाही म्हणाले. तिकडे मोठा दवाखाना कुठे, आणि मला एकटीला सोडून ते जाणार नव्हते.

मी पुन्हा त्याच उंच इमारतीत गेले. वेगळं घर रिकामं होतं, नववा मजला. या वेळी बाबा घर बघायला वर आलेच नाहीत. जिन्याच्या तोंडाशी उभे राहून रस्ता बघत होते. एजंटला त्यांनी एकच विचारलं, "गाडी आतवर येते का?"

"कार आहे का काका तुमच्याकडे? पार्किंगचे वेगळे पडतील."

"नाई," बाबा म्हणाले. "दुसरी गाडी."

गल्ली सोडताना सगळे पोचवायला आले, तोंडापर्यंत. मेथीवाल्या बाईने भाकरी बांधून दिल्या होत्या, तांदळाच्या. सामान फारसं नव्हतंच. टेम्पोतून ते इमारतीशी उतरवलं तेव्हा तोच वॉचमन होता. त्याने बाबांना ओळखलं नाही. "सामान मागच्या लिफ्टनं घ्या," तो म्हणाला.

बाबांनी मान हलवली. कपाट, गाद्या, भांड्यांचं पोतं, सगळं त्या लिफ्टमध्ये गेलं. शेवटच्या फेरीला आम्ही दोघंच आत शिरलो. तेव्हा पाहिलं, तो खाटेचा पाय त्यांनी हातातच धरला होता.

"हे कायले आनलं, बाबा? चालत नाही म्हणाले ना तिथं."

लिफ्टचं दार बंद होत होतं. बाबांनी ते लाकूड अंगाशी घेतलं.

"राहू दे बाई. इथं मले कोन देईल?"