उजवा दबलाय!

रिपेअरिंगच्या टेबलावर सोल्डरचे थेंब साचतात, तसे आमच्या अड्ड्यावर किस्से साचलेत. अड्डा म्हणजे धाराशिवच्या एसटी स्टँडमागचं बापूंचं रेडिओ-ॲम्प्लिफायरचं दुकान. तिथं बापूंच्या उजव्या हाताचं स्टूल माझं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथंच असतो.

*

ईट गावचे साहेबराव शेती करतात आणि हौसेनं ॲम्प्लिफायर बनवतात. पहिला बनवला तो लाडवाच्या डब्यात. एसटीत मांडीवर घेऊन आले. चालू केला, तर मुका!

बापूंनी झाकण उघडलं आणि हसले. "साहेबराव, ट्रान्झिस्टरचं चित्र पोटाकडून, म्हंजी पायांच्या बाजूनं काढलेलं असतंय. तुमी पाठीकडून बघून बसवले की सगळे!"

*

दुसरा वाजला, पण नुसता घुंऽऽ घुंऽऽ करायचा. डब्याला हात लावला की गप्प. गावात भजन होतं, तर साहेबराव दोन तास डब्यावर हात ठेवून बसले!

बापूंनी अर्थिंगची एक तार जोडली आणि म्हणाले, "काढा आता हात. जेवा निवांत."

*

बापू मीटर क्वचितच काढायचे. "मीटरचा सेल उतरतो मास्तर, कान न्हाय उतरत!"

एकदा रस्त्यानं गाणी वाजवत तुळजापूरचा टेम्पो चालला होता. बापू बसल्या जागेवरून ओरडले, "एका बॉक्सच्या वायरी उलट्या हायती!" ड्रायव्हरनं उतरून बघितलं, तर खरंच उलट्या. त्या कानांवरच तर दुकान चालायचं.

*

परवा मी माझा छोटा स्टिरिओ ॲम्प्लिफायर तपासायला नेला. बापू दोन बॉक्सच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. "उजवा दबलाय," म्हणाले.

बापूंचा नियम ठरलेला. बिघाड सापडत नसेल, तर डावं-उजवं बदलायचं. बिघाड ज्याच्याबरोबर हलला, त्याच्यात तो. मी आत येणाऱ्या वायरी बदलल्या. तरी उजवाच. मग बॉक्सच वायरींसकट इकडचे तिकडे केले.

"उजवाच!"

शेजारी बसलेले साहेबराव म्हणाले, "बापू, आमाला तर दोनी सारखेच ऐकू येत्यात."

"तुमचे कान तपासा आधी!" बापू चिडलेच.

मग मात्र ते उठले, खुर्ची उलटी फिरवली आणि बॉक्सकडं पाठ करून बसले. गाणं तेच चालू होतं.

"आता?" मी विचारलं.

बापूंनी मागं न बघताच हात केला. इतका वेळ जो बॉक्स चांगला वाजत होता आणि आता त्यांच्या उजव्या कानाकडं आला होता, त्याच्याकडं! साहेबराव खाली बघत राहिले.

"मास्तर, तुमचा ॲम्प्लिफायर झकास हाय," एवढंच म्हणून बापूंनी झाकणाचे स्क्रू आवळले.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर माझं स्टूल उजवीकडून उचलून डाव्या बाजूला मांडलेलं होतं. बापूंनी फडक्यानं ते पुसलं.

"या मास्तर. आजपासून हिकडं बसा."