वाटूरच्या फाट्यावरचं जहाज

संशय घ्यायची मला पहिल्यापासून हौस. घरी आमटीत मीठ कमी पडलं तरी ते विसरून की मुद्दाम, हे मी मनातल्या मनात तपासून घ्यायचो. बायको म्हणायची, "संशयाचा पगार कचेरीत मिळतो ना? मग घरी फुकटात कशाला घेता?" विमा कंपनीच्या जालन्याच्या कचेरीत मी नुकसानीचे दावे तपासायचो. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेल्याला चार-पाच वर्षं झाली होती. मोंढ्यातला कापूस, सरकी, गूळ रेल्वेनं जायचा आणि आता नव्यानं लॉऱ्यांनीही जायला लागला होता. जे जातं त्यातलं काही ना काही वाटेत भिजतं, सांडतं नाही तर जळतं. ते खरंच जळलं का, एवढं बघायला मी जायचो.

अडचण अशी होती की आमच्या कंपनीचा जन्म बंदरावर झालेला. मालाच्या विम्याचा छापील फॉर्म जहाजांसाठी केलेला, आणि खुष्कीच्या मालालाही तोच चालवायचे. नौकेचं नाव, कप्तानाचं नाव, सर्वांत जवळचं बंदर, वाऱ्याची दिशा, समुद्र शांत की खवळलेला. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, अशी मुंबईची ताकीद. एकदा मी समुद्रापुढं नुसती रेघ ओढली तर सगळा फॉर्म परत आला. तेव्हापासून जालना, अंबड, परतूर या साऱ्या मुलखात मी समुद्र कायम शांत ठेवला.

त्या वर्षी ऐन माघात परतूरच्या कापसाच्या प्रेसमधून रुईच्या वीस गाठी घेऊन निघालेली एक लॉरी वाटूरच्या फाट्याजवळ जळाली. लॉरीच्या मालकाचा दावा आला आणि पाठोपाठ मुंबईचं पत्र आलं. गाठी आधीच परस्पर विकायच्या आणि रिकामी लॉरी पेटवायची, असे प्रकार अलीकडे होताहेत, तरी कसून तपास करा. तपासात खोट निघाली तर कागद पोलिसांकडे जाणार आणि पहिला आत जाणार तो ड्रायव्हर. पत्र वाचून मला आनंद झाला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मी वाटूरच्या पोलीस पाटलांना कळवलं, गुरुवारी येतो, तोवर जागेवरचं काही हलवू देऊ नका.

गुरुवारी सकाळी बसमधून फाट्यावर उतरलो आणि मला वाटलं, चुकीच्या गावी आलो. रस्ता झाडून सडा टाकलेला. कडेच्या दगडांना ताजा चुना. जळालेल्या लॉरीचा सांगाडा घासूनपुसून लख्ख, पुढं आंब्याच्या पानांचं तोरण, बॉनेटवर हळदकुंकू, आणि जिथं गाठींचा कोळसा पडलेला असायला हवा होता तिथं सारवून रांगोळी काढलेली. पाटील नवा फेटा बांधून उभे होते.

"पाटील, राख कुठंय?"

"राख?" पाटलांना माझीच कीव आली. "साहेब, तुमी येणार, अन् राखंत उभं करू का तुमाला? मागच्या साली तहसीलदार आल्ते तवा फाट्यावर शेणाचा एक पो राहून गेल्ता. सालभर ऐकून घेतलं मी. औंदा बिलकुल मौका न्हाई दिला."

"मी लिहिलं होतं, काही हलवू नका म्हणून."

"हलवलंच न्हाई! लॉरी हाय तिथंच हाय, बघा हात लावून. निस्ती साफ केली."

मी कपाळाला हात लावला. पुराव्याला मूठमाती देऊन वर रांगोळी काढणारं गाव मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

फाट्यावर एका विधवा बाईचं चहाचं हॉटेल होतं. सगळे तिला मावशी म्हणत. हॉटेलच्या बाकावर ड्रायव्हर बसला होता. तिशीतला, गप्प. ऊन चांगलं चढलेलं, तरी गळ्यापासून गुडघ्यापर्यंत चादर गुंडाळलेली. मी आलो तसा उभा राहिला, पण नमस्कार केला नाही. मावशीनं आम्हां दोघांना चहा दिला. त्याचा कप तिनं बाकावर ठेवला, तो तसाच राहिला.

"चहा घे की," मी म्हणालो.

"उपास हाय, साहेब."

मावशीनं त्याच्याकडं पाहिलं आणि आत गेली. मी वहीत लिहिलं: नजर चुकवतो, उपासाचं निमित्त सांगतो.

मग फॉर्म काढला. पाटील शेजारी बसले. नौकेचं नाव? लॉरीच्या कपाळावर काहीतरी रंगवलेलं होतं, पण ते जळलं होतं आणि उरलेलं पाटलांनी घासून काढलं होतं. पाटील म्हणाले, "मंग 'वाटूर' लिवा, गावाचं नाव तरी व्हईल." जवळचं बंदर? "परतूर ठेसन." वाऱ्याची दिशा? पाटलांनी बोट ओलं करून वर धरलं. मी म्हटलं, आजची नाही, त्या दिवशीची. तरी त्यांनी बोट खाली घेतलं नाही. समुद्री चाचे दिसले होते का, यावर मात्र ते गंभीर झाले.

"न्हाई, साहेब. पोलीस ॲक्शनपासून ते समदं बंद झालं."

शेवटून दुसरा रकाना होता: माल वाचवण्यासाठी कप्तानानं केलेले प्रयत्न. मी ड्रायव्हरकडं वळलो. "आग लागली तेव्हा तू काय केलंस?"

"धूर दिसला तशी गाडी उभी केली. मंग..." तो थांबला. "गाठी होत्या, साहेब. वीस होत्या."

"वाचवायला काय केलंस?"

तो चादरीत आणखी आक्रसला. माल वाचवायला धावलेला माणूस कुठंतरी भाजतो, असा माझा बारा वर्षांचा अनुभव. याच्या तोंडावर साधा चटका नव्हता. मी त्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं: शून्य. मग जबानीचा कागद पुढं केला. "सही कर. येत नसेल तर अंगठा."

"आधी तुमी माल मोजून घ्या, साहेब. मंग देतो."

सहीला नकार, हेही लिहून घेतलं. आता माझा तपास जवळजवळ पुरा झाला होता. चारची बस मिळाली असती. पण अहवालात राखेचा नमुना जोडावा लागे, आणि राखेशिवाय फॉर्म परत आला असता. मी पाटलांना खडसावलं. लॉरीची राख मिळाली नाही तर दावा बुडेल आणि ड्रायव्हर आत जाईल.

"अरे द्येवा," पाटील म्हणाले. "राख तर घरोघरी गेली. बायांनी बियाणात घालाया नेली, भांडे घासाया नेली. पण आणतो, जल्दी आणतो." आणि त्यांनी गावात दवंडी दिली: ज्यानं ज्यानं लॉरीची राख नेली त्यानं ती फाट्यावर आणून टाकावी, ड्रायव्हरची अब्रू हाय.

तासाभरात बाया पाट्या घेऊन यायला लागल्या. रांगच लागली. आधी मला बरं वाटलं, मग ढीग गुडघ्याएवढा झाला, मग कमरेएवढा. वीस गाठींची काय, वीस लॉऱ्यांची एवढी राख होत नाही. मी काडीनं उकरून बघितलं. गोवरीचे तुकडे, दाणे काढलेल्या कणसाचं बुरकुंड, आणि एका पाटीत तर अख्खं भाजलेलं वांगं. ते कुणाचं यावरून दोघींची जुंपली.

"पाटील, ही चुलीतली राख आहे!"

"मंग? राख ती राख. गरिबाचा जीव वाचत असंल तर चुली रिकाम्या केल्या लोकांनी. तुमाला कमी पडती का सांगा."

मी डोक्याला हात लावून बसलो, आणि बसल्या बसल्या मला पट्ट्या आठवल्या. प्रेसमध्ये रुईची गाठ दाबली की तिला लोखंडी पट्ट्या आवळतात. एका गाठीला आठ, म्हणजे वीस गाठींच्या एकशेसाठ. रुई जळेल, पट्टी जळणार नाही. पट्ट्या सापडल्या की गाठी होत्या. न सापडल्या की नव्हत्या. यात चुलीला काही करता येणार नाही, असं मला वाटलं.

पट्ट्यांचं नाव काढताच गाव दोन पावलं मागं सरलं. राख नेणं वेगळं, लोखंड नेणं म्हणजे चोरी. "पट्ट्या न्हाईत बघितल्या," सगळे म्हणाले. हे म्हणणारा एक जण ज्या बादलीवर हात ठेवून उभा होता तिला नवी पट्टी आवळलेली मला दिसत होती. मी पाटलांना सांगितलं, चोरीचं नाव काढणार नाही, शब्द देतो. पाटलांनी पुन्हा दवंडी दिली.

आणि पट्ट्या यायला लागल्या. बादलीच्या आल्या, छपराच्या आल्या, पाळण्याच्या दोरीला बांधलेली आली. नंतर पिंपाची लोखंडी कडी आली, मोडक्या बैलगाडीच्या चाकाची धाव आली, कुणी नांगराचा फाळ आणला. मी मोजल्या. दोनशे सदतीस. माझ्या पुढ्यात कमरेएवढी राख आणि तीस गाठींचं लोखंड, आणि भोवती सगळं गाव, आता तरी पुरे ना, अशा चेहऱ्यानं उभं. मला रडावं की हसावं कळेना, म्हणून मी चिडलो.

"बस! पुरे झाला हा तमाशा!" मी ड्रायव्हरवर ओरडलो. "मोजून झालं. आता मुकाट अंगठा दे, नाहीतर पोलिसांना देशील!"

मावशी आतून आली ती पदर खोचूनच.

"कशाचा अंगठा मागून राह्यले हो साहेब? दहा दिस झाले, भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या तोंडात घालून राह्यले मी. त्याला अंगठा ऱ्हायला का?"

"मावशे, गप!" ड्रायव्हर पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला.

"न्हाई गप बसत. लई झाला तुझा उपास." आणि तिनं त्याची चादर ओढली.

दोन्ही हात कोपरापर्यंत चिंध्यांत बांधलेले. वर कोरफडीचा गर वाळून पापुद्रे धरलेले. तिनं हलक्या हातानं एक तळवा सोडला. तळव्यावर आडवे दोन चट्टे होते, सरळ, पट्टीनं आखल्यासारखे. मी ढिगातली एक पट्टी उचलली आणि तळव्याजवळ धरली. रुंदी बरोबर तेवढीच. तापलेल्या पट्ट्यांना धरून यानं त्या अवजड गाठी ओढून पाहिल्या होत्या. एकदा नाही, कातडं निघेपर्यंत.

मी पट्टी ढिगावर परत ठेवली. सकाळपासून मी गावच्या चुली उकरत होतो आणि समोरच्या माणसाला हात दाखव म्हणालो नव्हतो. मला माझी एवढी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

"सांगितलं का नाहीस... सांगितलं का नाहीत तुम्ही?"

"काय सांगू, साहेब? हात गेले म्हणल्यावर मालक स्टेअरिंगला बसू देत असतो का? त्याची दुसरी लॉरी हाय, उद्या तिच्यावर दुसरा माणूस बसवील. हात बरे हून राह्यलेत. महिनाभरात मूठ वळंल." मग खालच्या आवाजात म्हणाला, "कागदात हातांचं नका लिवू. तुमचा कागद मालकाकडं जातो."

जातो, हे खरं होतं. हात लिहिले तर तो सुटत होता आणि नोकरीला मुकत होता. हात न लिहिले तर माझ्यापाशी वांग्याची राख आणि नांगराचा फाळ, एवढाच पुरावा.

चारची बस निघून गेली. मी आणि पाटील ढिगापाशी मांडी घालून बसलो आणि दोनशे सदतिसांतून एकशेसाठ वेगळ्या काढल्या. त्यातल्या खऱ्या किती, देव जाणे. बैलगाडीची धाव मी परत केली, पिंपाची दोन कडी मात्र चालवून घेतली. मग डबा भरून राख घेतली, वांगं वगळून. जबानीखाली अंगठा हवा होता; मावशीनं शाईत बोट बुडवलं आणि ठसठशीत उठवून दिला. वाचवण्याच्या प्रयत्नांपुढचं शून्य खोडलं आणि लिहिलं, शर्थीचे. बाकी वारा वायव्येचा आणि समुद्र शांत.

माझ्या साऱ्या नोकरीत तेवढा खोटा कागद मी दुसरा लिहिला नाही. राख चुलीतली, लोखंड गावाचं, कप्तानाचा अंगठा मावशीचा, आणि एकच गोष्ट जी खरी होती तिचा त्यात उल्लेख नाही. दावा मंजूर झाला. मुंबईहून शाबासकीचं पत्र आलं. असा काटेकोर अहवाल बऱ्याच दिवसांत पाहिला नाही, नवीन माणसांना नमुना म्हणून दाखवावा म्हणे. ते पत्र मी बायकोलासुद्धा दाखवलं नाही.

पुढं उन्हाळ्यात अंबडच्या एका दाव्यावरून परत येताना रस्त्यात मागून हॉर्न वाजला. लॉरी पुढं जाऊन थांबली आणि तो खाली उतरला. स्टेअरिंगला सुताच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. "बसा साहेब, जालन्याला सोडतो," म्हणाला. वाटेत एका हॉटेलापाशी त्यानं गाडी थांबवली. मी खाली उतरून बाकावर बसलो. तो आत गेला आणि चहाचे दोन कप घेऊन आला, दोन हातांत दोन. चालताना चहा थोडा बशीत सांडत होता, कारण बोटं अजून पुरती वळत नव्हती.

"घ्या साहेब," तो म्हणाला, आणि मी कप घेईपर्यंत त्यानं तो धरून ठेवला.