जावेच्या हाकेला ओ दिली नाही

मोठी जाऊ आणि मी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहायचो. भिंत मातीची, वरून अर्धी ढासळलेली. तिकडं कोणी शिंकलं तरी इकडं ऐकू यायचं. ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी होती. साखरेच्या आजारानं तिची नजर गेली होती. उजेड आणि सावली एवढंच कळायचं. दिवसभर दारातल्या बाजेवर बसून असायची आणि आवाजावरून माणूस ओळखायची.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं विसेक. प्रार्थनाघर एकच होतं, आमच्या सासऱ्यांच्या वेळचं. दर रविवारी बीडहून म्हातारे पाळक एसटीनं यायचे, उपदेश करायचे आणि जेवून परत जायचे. ते सांगायचे की शेवटच्या दिवसांत मोठं संकट येणार आहे, मंडळीला त्यातूनच जावं लागणार आहे, तर टिकून राहायची तयारी करा. आम्ही मान हलवायचो. टिकून राहायची आम्हाला सवय होती.

मग गेवराईकडून एक तरुण ब्रदर मोटारसायकलवर यायला लागला. त्यानं भिंतीला एक लांबलचक कापड लावलं. त्यावर एका टोकाला ढग आणि मधोमध लाल रंगानं रंगवलेली संकटाची सात वर्षं. तो म्हणाला, संकट येण्याआधीच प्रभू आपल्या लोकांना उचलून नेणार. एका क्षणात. मंडळी म्हणजे प्रभूची नवरी. "कोणता नवरा आपल्या नवरीला आधी मार खाऊ देईल, मग घरी नेईल?" असं त्यानं विचारलं. आमच्या बायांनी नवऱ्यांचा मार पुष्कळ खाल्लेला होता. त्यांना हे बोलणं फार आवडलं.

वर्षभरात मंडळी दुभंगली. ब्रदरच्या लोकांनी वरच्या आळीला पत्र्याचं शेड घातलं. पेटी ते घेऊन गेले, ढोलकी आमच्याकडं राहिली. तिकडं गाण्याला ठेका नाही, इकडं सूर नाही. जाऊ तिकडं गेली. मी राहिले जुन्या बाजूला. माझं काही फार मोठं ज्ञान नव्हतं, मी चौथी शिकलेली. मला फक्त ते रंगवलेलं कापड पटलं नाही.

पहिल्यांदा आमची थट्टाच चालायची. शास्त्रात दोन बायांची गोष्ट आहे. दोघी दळायला बसलेल्या असतात, एकीला नेतात आणि एक मागं राहते. जाऊ बाजेवरून ओरडायची, "धाकटे, मी चालले गं वर. तू बस दळत."

मी म्हणायचे, "जावा की अक्का. शेरडांचं बघायला कुणीतरी मागं राहायला लागतंयच."

माझा नवरा वारला तेव्हा थट्टा संपली. तो म्हाताऱ्या पाळकांच्या बाजूचा, शेवटपर्यंत हट्टी. तो गेल्यावरच्या नाताळात वरच्या शेडात जाऊ साक्ष द्यायला उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझे भाऊजी सत्याच्या बाहेर मेले. पहिल्या कर्ण्याला त्येंची कबर उघडायची न्हाई." कर्णा वाजला की आधी मेलेले उठणार अशी आमची श्रद्धा आहे. ती म्हणत होती, माझा माणूस मातीतच राहणार. मला हे त्याच संध्याकाळी तीन बायांनी येऊन सांगितलं. तेव्हापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. रविवारी एकमेकींना सलाम करायची रीत आहे, तीही मी मोडली.

पुढच्या दिवाळीनंतरची गोष्ट. त्या दिवसांत आमची अर्धी वस्ती ऊसतोडीला गेलेली असते. गल्लीत कुलपंच कुलपं. पोरं शाळेत होती. दुपारी जावेची सून चुलीपुढं भाकरी करत होती, तेवढ्यात रानातून ओरड आली की त्यांची म्हैस विहिरीत पडली. सून तव्यावर भाकरी तशीच टाकून पळाली. मागोमाग दोर घेऊन गडी गेले, बाया गेल्या, उरलेली सगळी गल्ली गेली. माझे गुडघे धरलेले, म्हणून मी घरात राहिले. सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसले.

जाऊ तेव्हा झोपलेली होती. तिला म्हशीचं काहीच माहीत नव्हतं.

ती जागी झाली ते भाकरी जळल्याच्या वासानं. "पोरी, भाकर जळतीय बघ," असं ती म्हणाली. उत्तर नाही. मग लेकाला हाक मारली. मग नातवंडांना, एकेकाचं नाव घेऊन. मग शेजारणीला, समोरच्या घराला, कोपऱ्यावरच्या घराला. कुठूनही आवाज आला नाही. ब्रदरनं तिला शिकवलंच होतं की भाकरी तव्यावर राहील आणि भाजणारी जागेवर नसेल. मला भिंतीच्या अलीकडं कळलं, तिच्या मनात काय आलं ते. तिचा आवाज बदलला. "देवा, मी कामून मागं राहिले?" असं ती दोनदा म्हणाली. ओरडून नाही. शेजारी बसलेल्या माणसाला विचारावं तसं.

मग ती भिंतीकडं वळून म्हणाली, "धाकटे, तू तरी हायेस का?"

माझा हात सुपात होता. ओ अगदी तोंडात आली होती. मी ती गिळली. मला माझ्या माणसाची कबर आठवली आणि वाटलं, बस आता. तुलाही कळू दे मागं राहणं कसं असतं.

तिनं तीनदा हाक मारली. तिसरी हाक मी लक्ष देऊन ऐकली म्हणूनच ऐकू आली. मी ओ दिली असती तर तिला लगेच कळलं असतं की कुणी कुठं गेलेलं नाही. तिच्या हिशेबात मी मागं राहणारी बाई. मी ओ न दिल्यावर सगळं उलटं झालं. मीही गेले, चुकीच्या बाजूची असून गेले, आणि ती एकटी राहिली. हे मला तेव्हाच कळत होतं. नंतर कळलं असं मी म्हणणार नाही.

ती बाजेवरून उतरून खाली बसल्याचा आवाज आला. मी डाळ पूर्ण निवडली. खडे दारात टाकले.

उन्हं कलल्यावर सून चिखलात भरून परत आली आणि दारातून म्हणाली, "आत्याबाई, निघाली म्हैस. पाय शाबूत हायेत." जाऊ भिंतीला टेकून जमिनीवर होती. तिनं सुनेचं तोंड चाचपलं, कान चाचपले, केस ओढून बघितले.

"तू परत कशी आलीस?"

"चालत आले की. अजून कशी यीन?"

त्या दिवसापासून जाऊ प्रार्थनेला गेली नाही. शेडात नाही आणि जुन्या घरातही नाही. म्हशीचं सगळ्यांनी तिला सांगितलं. ती म्हणायची, "म्हशीचं कळलं मला. पण धाकटी तर गुडघ्यानं अधू, ती रानात जात न्हाई. ती कुठं होती?" आणि स्वतःच उत्तर द्यायची, "मला दाखवलंय. कोण जाणार अन् कोण राहणार."

ब्रदर आला, तेव्हा योगायोगानं म्हातारे पाळकही आले होते. ब्रदर म्हणाला, हा सैतानानं घातलेला संशय आहे. पाळक म्हणाले, तुमच्या शिकवणीनंच म्हातारी भेदरली. मग चहाच्या कपबश्या हातात धरून दोघं तिच्या बाजेच्या दोन अंगांना बसून भांडले. संकटाच्या आधी का संकटानंतर, कोणता अध्याय, कोणतं वचन. ती मध्ये पडून होती. धाकटी कुठं होती, हे दोघांपैकी एकानंही मला विचारलं नाही. मी भिंतीपलीकडंच होते.

थंडीत तिचा पाय सडला. बीडच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. ती जेवेना. झोपेतून दचकून उठायची आणि घरातली माणसं मोजायची. मला वाटलं, हिनं असं भिऊन मरू नये. मी सांगितलं तरच हे सुटणार होतं. दुसऱ्या कुणाला ते माहीतच नव्हतं. मी भिंतीला वळसा घालून गेले आणि बाजेवर बसले.

"कोण?"

"मी. धाकटी."

"सलाम गं," ती म्हणाली. जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

"सलाम. अक्का, ऐका. त्या दिवशी मी घरातच होते. डाळ निवडीत होते. तुमच्या तिन्ही हाका ऐकल्या. मुद्दाम ओ दिली न्हाई."

तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. मग हसली. लई दिवसांनी हसली असं सून नंतर म्हणाली.

"तू अन् गप्प? ह्या घरात आल्यापासून तुला कुणी गप्प बसवू शकलं का? सासूला जमलं न्हाई. भाऊजीला जमलं न्हाई."

"अक्का, खरं सांगते. तुमी माझ्या माणसाबद्दल बोललात म्हणून राग होता."

"ते माझं चुकलंच. भाऊजी उठतील. पहिल्या कर्ण्यालाच उठतील." तिनं माझं मनगट शोधून धरलं. "माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतीस. तू आधी अशी मऊ नव्हतीस."

मी शास्त्रावर हात ठेवून शपथ घेते म्हणाले. तिनं माझा हात ओढून घेतला. "खोटी शपथ घिऊ नको. तुझी जागा पक्की हाय, ती घालवू नको."

मी पुन्हा दोनदा सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. सून दारात उभी राहून ऐकत होती. तिला पटलं. जावेला पटलं नाही.

त्यानंतर ती चार दिवस होती. मी तिथंच होते. थोड्या थोड्या वेळानं ती विचारायची, "सगळे हायेत का?" सून म्हणायची, हायेत. "धाकटी?" मी म्हणायचे, हाय. एवढं ऐकलं की डोळा लागायचा, पण तो घटकाभरच.

प्रभू संकटाच्या आधी नेणार का नंतर, ते मला अजून माहीत नाही. म्हातारे पाळक आता येत नाहीत. ब्रदर मोबाईलवर व्हिडिओ पाठवतो. मी उघडत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी सून म्हणाली, "काकी, तुमी थोडा चहा तरी घ्या." मी उठून आत गेले. स्टोव्ह पेटेना, पिन घालावी लागली. मग तो इतका आवाज करत होता की बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. कप घेऊन बाहेर आले तर सून जावेच्या तोंडावर पदर ओढत होती.

तिनं शेवटी कुणाला हाक मारली होती का, हे मी सुनेला विचारलं नाही. सुनेनंही आपण होऊन सांगितलं नाही. रोज दिसते ती मला. बघते माझ्याकडं आणि कामाला लागते.