धानासाठी गेलो, लाखेवर लागलो

गोंदियाला जाणारी गाडी फलाटाला लागली तेव्हा बाबूजींनी माझी पेटी डब्यात चढवली, पण तोंडावर आनंद नव्हता. आसपासच्या चार गावांत बी.एस्सी. झालेला मी पहिलाच. सरकारनं संशोधनाची शिष्यवृत्ती देऊन पूर्वेकडच्या एका प्रयोगशाळेत बोलावलं होतं. खिडकीशी येऊन बाबूजी एवढंच म्हणाले, "सरकार तुले फुकटात शिकवून राहिली. कायले, थे मले समजून नाही राहिलं."

मला राग आला. अर्जात मी स्वच्छ लिहिलं होतं की धानावरच्या गादमाशीचा अभ्यास करायचा आहे. आपल्या नवेगाव बांधाच्या पाण्यावरच्या शेतांत गाद आली की लोंबीऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी निघते, हे तुम्हा गावात राहिलेल्यांना मी काय सांगावं?

पहिलं वर्ष खरंच धानात गेलं. शेजारच्या टेबलावर निखिलदा म्हणून बंगाली सोबती होता, त्याचंही काम धानावरच. मग जर्मनीशी युद्ध पेटलं. एका सकाळी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "धानाचं अनुदान बंद. युद्धाला लाख हवी आहे, रोगणाला आणि विजेच्या तारांच्या आवरणाला. राहायचं असेल त्यानं लाखेच्या किड्यावर काम करावं."

निखिलदा गेला. पुढं तो विम्याची कामं करतो असं पत्र आलं. मी राहिलो. रसायनवाले, वनस्पतीवाले, आम्ही कीटकवाले, सगळे महिन्याभरात लाखेचे जाणकार झालो. कोणता प्रश्न विचारायचा हे आपण ठरवतो, असं तोवर मला वाटायचं. तेव्हापासून प्रत्येक परिपत्रक मी दोनदा वाचू लागलो. शाबासकी मिळाली तरी शंका यायची, यांना आता काय हवं असेल? शंका स्वतःवरही होती. धानाची एवढीच ओढ होती, तर निखिलदाबरोबर का नाही बाहेर पडलो?

लाखेच्या शेडमागं मी धानाच्या काही कुंड्या लपवून ठेवल्या. दोन हंगामांनंतर लक्षात आलं की पीक नसतं तेव्हा माशी बोडीसारख्या लहान तळ्यांच्या काठी आपोआप उगवणाऱ्या देवधानात, त्या रानटी धानात, तग धरते. पुरावा अपुरा होता आणि तो दाखवायची सोय नव्हती. मी घरी लिहिलं, रोवणीआधी बोडीकाठचं देवधान कापून टाका. लोकांचा विश्वास बसावा म्हणून प्रयोगशाळेच्या शिक्क्याचा कागद वापरला.

धाकट्या भावाचं उत्तर आलं, "लोक म्हणून राहिले, सरकार आज देवधान कापा म्हणते, उद्या बोडीच जमा करन. बाबूजीबी हात लावून नाही राहिले."

मी कोणाला दोष देणार? मीही सरकारी कागद असाच वाचत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात रजा घेऊन आलो आणि विळा घेऊन थेट बोडीत उतरलो. माय मागोमाग आली. अर्धा दिवस गावकरी बोडीच्या पाळीवर उभे राहून आम्हा दोघांना पाहत होते. त्यांत बाबूजीही होते. शेवटी तेच बोलले, "काऊन रे, साहेबानं धाडलं का तुले?"

"नाही बाबूजी. साहेबाले हे माहीतच नाही. म्या चोरून पाह्यलं."

 बाबूजींनी माझ्या धाकट्या भावाकडून विळा मागून घेतला. ते उतरले तसे आणखी चौघं उतरले.

त्या साली आमच्या बाजूला गाद कमी आली. देवधान कापल्यानं की पावसानं, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

आता इंग्रज जाऊन नवं सरकार येतंय, नव्या शिष्यवृत्त्याही येतील. आपली पोरं त्या घेतील, घ्याव्यातच. फक्त काय लिहून देतो आहोत ते नीट वाचावं. मी अजून लाखेच्याच टेबलाशी आहे, कदाचित इथंच म्हातारा होईन. पण घर कुठं म्हणून कोणी विचारलं, तर माझ्या डोळ्यांपुढं ती माणसं येतात. आधी माझ्यावर पुरता संशय घेतात आणि मग धोतर खोचून माझ्याबरोबर चिखलात उतरतात.