घरात राहणारे किती?

पूर्वी आमच्या लंच टेबलावर असल्या गोष्टी निघायच्या नाहीत. आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले; जे लॉगमध्ये नाही ते घडलंच नाही, अशा बाण्याचे. पण कंपनीने घरभाडं भत्त्याचा नियम बदलला आणि तेव्हापासून इतके किस्से साठलेत की हल्ली डबा उघडायच्या आधीच कोणीतरी विचारतं, "आज कोणाच्या घरी काय झालं?"

नियम थोडक्यात सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आधी भत्ता पगाराबरोबर यायचा. कुठे राहता, कोणाबरोबर राहता, कोणी विचारत नसे. आता सप्टेंबरअखेरच्या आत घरमालकाशी केलेला करार दाखवायचा. फॅमिलीचा भत्ता हवा असेल तर त्या घरात फॅमिलीशिवाय कोणी राहता कामा नये. कोणी राहत असेल तर ते ‘शेअरिंग’, आणि मग भत्ता एकट्या माणसाचा. वर खरंखोटं बघायला एक माणूस घरी येणार. म्हणजे सगळ्यांनी एकदम नवं, स्वस्त घर शोधायचं. आणि सिंगापूरमध्ये घर स्वस्त असेल तर त्याला काहीतरी कारण असतं.

सगळ्यात जास्त टांगती तलवार होती निलेश गजभियेवर. निलेश नागपूरचा, आमच्या टीममधला सगळ्यात सरळ माणूस. फॅमिलीचा भत्ता मिळाला नाही तर बायको प्रज्ञा आणि आठ वर्षांची इरा नागपूरला परत जाणार, हे त्यांच्या घरात ठरूनच गेलं होतं. आम्ही किस्से सांगायचो तेव्हा हा मोबाइलवर फ्लॅट बघत बसायचा. मला त्याचं फार वाईट वाटायचं, पण म्हणून किस्से काही थांबत नव्हते.

*

पहिला माझाच. ऑगस्ट महिना, भर दुपार, बुकित बातोकमधला फ्लॅट. एजंट होते मिस्टर ओंग. आम्हा सगळ्यांना घरं दाखवायला हेच एक गृहस्थ. त्यांनी कुलूप काढून दिलं आणि स्वतः कॉरिडॉरमध्येच उभे राहिले. गीझर चालतो का, वॉशिंग मशीन कोणाचं, सगळी उत्तरं बाहेरून!

निघताना मी विचारलं, "मिस्टर ओंग, तुम्ही आत का नाही आलात?"

"फ्लॅट छोटा आहे. तुम्ही दोघं आत असताना मी कशाला गर्दी करू?"

मी एकटाच गेलो होतो. बायको ऑफिसात होती. तिला मी ‘मेट्रो स्टेशन लांब पडतं’ एवढंच सांगितलं आणि तो फ्लॅट सोडून दिला.

*

शाल्मली आमची टेस्टर, सासर सांगलीचं. तिलाही मिस्टर ओंगनी ऑगस्टमध्ये फोन केला. चिनी सातवा महिना चालू आहे, मेलेली माणसं फिरायला येतात, त्यामुळे इथलं कोणी घर बदलत नाही, आत्ता घेतलंत तर स्वस्तात मिळेल. शाल्मलीचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण सामान हलवायला थेट सप्टेंबरचा शेवट उजाडणार म्हटल्यावर सांगलीहून सासूबाईंचा फोन आला, "पितृपक्षात नवीन घरात पाऊल टाकायचं नाही. सांगून ठेवते."

आता हे एजंटला सांगायचं कसं? शेवटी ती म्हणाली, "आमच्याकडचे मेलेले पुढच्या महिन्यात येतात."

मिस्टर ओंग हसले नाहीत. त्यांनी डायरी काढली, तारखा विचारून लिहून घेतल्या आणि म्हणाले, "ओके. म्हणजे पाळीपाळीने येतात."

मधले पंधरा दिवस दोन्हीकडून मोकळे निघाले. त्यात गणपतीही बसले. शाल्मली तेवढ्यात शिफ्ट झाली.

पण खरी गंमत पुढे आहे. पहिल्या दिवशी घरमालकीण बाई एक अननस घेऊन आल्या आणि तो त्यांनी उंबऱ्यावरून घरात गडगडत सोडला. इथली रीत आहे, घरात भरभराट येते म्हणतात. शाल्मलीला वाटलं, बाईंनी फळ आणलं. तिने त्याचा मस्तपैकी शिरा केला!

आठवड्याने बाई आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि अननस कुठे म्हणून विचारलं.

"खाल्ला."

बाई रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "पहिला घास कोणी खाल्ला?"

"माझ्या नवऱ्याने."

तेव्हापासून त्या नवऱ्याशी बोलत नाहीत. तो समोर असला तरी निरोप शाल्मलीकडेच. परवा लिफ्टमध्ये तिघं एकत्र होते. बाईंनी शाल्मलीला विचारलं, "आज एकटीच?"

*

सौरभ सडाफटिंग. त्याने हौगांगमध्ये एक खोली घेतली. घरमालक अंकल दुसरीकडे राहतात, बाकीच्या खोल्या रिकाम्या. अट एकच, स्वयंपाक करायचा नाही. सौरभला चहाच्या पुढे काही येतही नाही.

महिन्याभरात शेजाऱ्यांची तक्रार. रोज सकाळी अकराला तुमच्या घरातून मसाल्याचा वास येतो. सौरभने अंकलना ऑफिसच्या दाराचा रेकॉर्ड दाखवला. रोज नऊला तो आमच्याबरोबर आत. अंकलनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "मग स्वयंपाक कोण करतं?"

सौरभने सुट्टी काढली आणि अकरा वाजता घरी थांबला. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी त्याला घेरलं. काय झालं?

"वास आला," तो म्हणाला. "कोण आहे माहीत नाही, पण हिंगाचा अंदाज आईसारखा आहे."

खोली त्याने अजून सोडलेली नाही. वजन मात्र वाढलंय.

*

आता निलेशचं. तो हे एकदाच बोलला, आणि त्या दिवशी कोणी डबा संपवला नाही.

त्याला चोआ चू कांगमध्ये फ्लॅट मिळाला. मॅडम लिम नावाच्या वयस्कर बाईंचा. त्या स्वतः मुलाकडे राहतात. करार झाला, नावं तीन. मग कंपनीने पाठवलेला तपासणीचा माणूस येऊन गेला, आणि त्याच्या रिपोर्टमध्ये आलं, राहणारे चार.

निलेश हादरला. त्या वेळी तो ऑफिसात, इरा शाळेत, प्रज्ञा बाजारात. त्या माणसाला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "आजीबाईंनी दार उघडलं ना. निळ्या फुलांचा पायजमा-सदरा. मला बूट बाहेर काढायला लावले."

एचआरचं म्हणणं स्पष्ट होतं. चौथी व्यक्ती म्हणजे शेअरिंग. फॅमिलीचा भत्ता हवा असेल तर ‘या घरात या तिघांशिवाय कोणीही राहत नाही’ असं पत्र घरमालकिणीच्या सहीने सोमवारपर्यंत आणा. प्रज्ञाने नागपूरच्या तिकिटांचे भाव बघायला सुरुवात केली.

शनिवारी दुपारी मॅडम लिम आल्या. चष्मा लावला, पत्र वाचलं, पेन उघडलं. सही करायच्या आधी सहज विचारलं, हे कशाला लागतं?

इथे दुसरा कोणी असता तर ‘ऑफिसची फॉर्मॅलिटी’ म्हणून मोकळा झाला असता. पण हा निलेश. त्याने सगळं सांगितलं. फुलांच्या पायजम्यासकट.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

मग म्हणाल्या, "माझी आई या घरात गेली. त्यानंतर मी किती वेळा येऊन इथे बसले. पंखा बंद करून, आवाज न करता. मला एकदाही दिसली नाही. आणि कंपनीच्या माणसाला दार उघडते?"

निलेश म्हणाला, "मॅडम, त्याची काहीतरी चूक झाली असेल."

"चूक नाही. बूट बाहेर काढायला तीच लावायची." त्यांनी पत्र त्याच्याकडे सरकवलं. "ती इथे आहे हे मला आज कळलं. आणि ती नाही, असं मी आजच लिहून देऊ?"

प्रज्ञा रडायला लागली. बाईंचं चुकत होतं असंही निलेशला वाटत नव्हतं, आणि सोमवार तर तोंडावर आला होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला इरा गणितं सोडवत होती. तिने वहीतून डोकं वर न काढता, शाळेत शिकलेल्या इथल्या इंग्लिशमध्ये म्हटलं, "आंटी, शी सेड साइन लाह. शी डोन्ट नीड सो मच स्पेस."

मॅडम लिमनी हळूच विचारलं, "तुझ्याशी इंग्लिशमध्ये बोलते?"

"नो," इरा म्हणाली. "बट आय अंडरस्टँड."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.